विकाराबादला समुद्र नाही, मग पाणबुड्यांशी संपर्क साधणारे केंद्र तिथे कसे?

लातूरचा शिक्षक

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीच्या वर्गात विद्युतचुंबकीय वर्णपट शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तासाला नीट देता आले नाही. काहीतरी सांगून वेळ मारून नेणे मनाला पटले नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

तिचे आजोळ तेलंगणातील विकाराबादजवळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील दामगुंडमच्या राखीव जंगलात नौदलाच्या व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे अतिशय कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींच्या) केंद्राची पायाभरणी झाली आणि त्यासाठी सुमारे २,९०० एकर वनजमीन दिली गेली. साहजिकच तिच्या आजोळी त्याची बरीच चर्चा आहे. तिचा प्रश्न असा: "सर, तिथून सर्वांत जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरवर आहे. पाणबुडी समुद्रात असते, तर तिच्याशी बोलण्याचे केंद्र डोंगरातल्या जंगलात कशासाठी?" त्याला जोडूनच तिने दुसरा प्रश्न विचारला. खारे पाणी विजेचे वाहक आहे आणि वाहकात रेडिओ लहरी शिरत नाहीत असे आपण शिकवतो, मग या लहरी पाण्यात शिरतात त्या कशा?

३ ते ३० किलोहर्ट्झ ही व्हीएलएफची व्याख्या आणि १०० ते १० किलोमीटर ही तरंगलांबी मी फळ्यावर लिहिली, परंतु त्यापुढचे 'का' मला जमले नाही. या लहरींचा पाणबुड्यांखेरीज आणखी काही उपयोग आहे का, आणि त्यातील एखादी गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना मास्टवाला

सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. माझी नोकरी मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांवर, म्हणजे मास्ट (अँटेनाचे उंच मनोरे), फीडर (अँटेनापर्यंत शक्ती नेणाऱ्या तारा) आणि अर्थ मॅट (जमिनीत पुरलेले धातूचे जाळे) यांच्या संगतीत गेली. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. 'वाहकात लहरी शिरत नाहीत' हे वाक्य थोडे दुरुस्त करून शिकवायला हवे. लहर वाहकात शिरते, पण आत गेल्यावर झपाट्याने क्षीण होते, आणि ती किती खोलवर टिकेल हे वारंवारितेवर अवलंबून असते. मीटरमधील ही खोली काढण्याचे सूत्र सोपे आहे: माध्यमाच्या रोधकतेला वारंवारितेने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ५०३ ने गुणावे. येणाऱ्या अंतरावर लहरीचे क्षेत्र मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते. समुद्राच्या पाण्याची रोधकता पाव ओहम-मीटरच्या आसपास धरली, तर १० मेगाहर्ट्झच्या लघुलहरीसाठी ही खोली जेमतेम ८ सेंटिमीटर येते, म्हणजे ओंजळभर पाण्यातच ती संपते. १८.२ किलोहर्ट्झसाठी मात्र हेच उत्तर जवळजवळ १.९ मीटर येते. हा आकडा मुद्दाम निवडला आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातील विजयनारायणम येथे 'आयएनएस कट्टबोम्मन' हे नौदलाचे केंद्र १९९० पासून आहे आणि त्याचा संकेत याच वारंवारितेवर ऐकू येतो.

१.९ मीटर ही खोली मुलांना फार वाटणार नाही, म्हणून पुढचे गणितही करून दाखवावे. दर मीटरला लहरीची शक्ती साधारण एकतृतीयांश होत जाते, त्यामुळे वीस मीटर खोलीवर पृष्ठभागावरील शक्तीच्या दोनशे कोटींपैकी एक भाग उरतो. एवढ्याशा अंशातून संदेश वाचायचा म्हणून केंद्राची शक्ती अफाट ठेवावी लागते आणि संदेश अतिशय सावकाश पाठवावा लागतो. सेकंदाला सुमारे दोनशे बिट हा या पट्ट्यातील नेहमीचा वेग आहे. त्यात आवाज बसत नाही, चित्र तर नाहीच नाही, केवळ मोजकी अक्षरे बसतात. शिवाय हा संवाद एकतर्फी असतो. पाणबुडी मागे लांबच लांब तरंगती तार सोडून ऐकते, पण त्याच लहरींवर उत्तर देऊ शकत नाही, कारण तेवढा अँटेना तिच्याजवळ असणेच शक्य नाही.

आता विकाराबादकडे वळू. केंद्रातून निघालेली लहर समुद्रातून आडवा प्रवास करत पाणबुडीपर्यंत जाते, असे चित्र आपल्या मनात असते आणि गफलत तिथेच होते. प्रत्यक्षात ती सगळा प्रवास हवेतून करते. खाली जमीन आणि वर आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराचा) तळ यांच्यामध्ये जी पोकळी आहे, तिची उंची दिवसा सत्तर किलोमीटरच्या आसपास आणि रात्री पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटर असते. सोळा-सतरा किलोमीटर लांबीच्या लहरीला ही पोकळी एखाद्या बोगद्यासारखी वाटते आणि त्या बोगद्यातून ती हजारो किलोमीटर फारशी न खचता धावते. पाणबुडी जिथे असेल तिथल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून मात्र ती जवळजवळ सरळ खाली उतरते. समुद्र असा वरून खाली, फक्त शेवटच्या वीस मीटरपुरता वाटेत येतो. हजारो किलोमीटरच्या हवाई वाटेत किनाऱ्यापर्यंतच्या तीनशे किलोमीटरांनी काही बिघडत नाही.

याची उदाहरणेही आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आपल्या पाणबुड्यांसाठी १९४३ मध्ये उभारलेले 'गोलियथ' हे प्रचंड प्रेषण केंद्र किनाऱ्यावर नव्हते. ते देशाच्या आत, काल्बे या गावाजवळच्या सखल ओल्या जमिनीवर होते. अमेरिकेचे लामूर येथील केंद्र तर उत्तर डकोटात, म्हणजे खंडाच्या पोटात आहे. किनाऱ्यापासून आत असलेले केंद्र समुद्रावरून होणाऱ्या हल्ल्यापासून दूर राहते, हा त्यातील दुसरा लाभ.

जागा एवढी का लागते, हेही सांगतो. १८.२ किलोहर्ट्झची पाव तरंगलांबी चार किलोमीटरच्या वर जाते. चार किलोमीटर उंचीचा मास्ट कोणी उभारू शकत नाही, त्यामुळे शेकडो मीटर उंचीचे मास्ट उभारून त्यांच्या माथ्यावर तारांचे विस्तीर्ण छत ताणतात आणि खाली जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरतात. एवढे करूनही असा अँटेना विजेच्या दृष्टीने आखूडच राहतो. तो सुरात आणण्यासाठी इमारतीएवढ्या जागेत मावेल अशी कॉइल लागते, आणि जमिनीचा रोध थोडा जरी वाढला तरी शक्ती लहरीत जाण्याऐवजी मातीत उष्णता होऊन जिरते. आमच्या मध्यम लहरींच्या केंद्रावर अर्थ मॅटच्या दोन पट्ट्या गंजून तुटल्या, तेव्हाही दूरच्या तालुक्यांत आवाज पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेथे तर वारंवारिता पन्नासपट कमी. एवढ्या जमिनीची गरज खरी आहे. तरीही दामगुंडमचे जंगल तोडण्याविषयी तेथील लोकांना जे दुःख आहे तेही तितकेच खरे आहे, आणि वर्गात दोन्ही बाजू सांगितल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

जाता जाता आपल्या मातीतला एक संदर्भ देतो. पहिल्या महायुद्धानंतर खंडांना जोडणारी बिनतारी तारसेवा याच लांब लहरींवर चाले. स्वीडनमधील ग्रीमेटॉनचे १९२५ साली उद्घाटन झालेले केंद्र त्या काळची खूण म्हणून अजून चालू स्थितीत ठेवले आहे आणि २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. त्यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. ४८८ खाचा असलेली पोलादी चकती मिनिटाला २,११५ फेरे घेते आणि त्यातूनच १७.२ किलोहर्ट्झचा प्रवाह निर्माण होतो. मुलांना हा गुणाकार करायला लावा, त्यांना वारंवारिता म्हणजे काय ते हाताला लागल्यासारखे कळेल. लांब लहरींचे हे युग संपवले ते लघुलहरी एकाच दिशेने झोतासारख्या सोडणाऱ्या बीम पद्धतीने, आणि भारतासाठी त्या पद्धतीची केंद्रे १९२७ मध्ये सुरू झाली ती आपल्याकडेच: प्रेषण खडकीहून आणि ग्रहण दौंडला.

मळ्यातली चौकट

वरील प्रतिसादात पाणबुड्यांविषयी सर्व काही आले आहे, त्यामुळे मी फक्त 'प्रत्यक्ष काय दाखवता येईल' यावर लिहितो. मी सांगली जिल्ह्यात राहतो आणि गेली काही वर्षे या लहरी घरच्या साहित्यावर टिपतो आहे.

या पट्ट्याची गंमत अशी की तो संगणकाच्या साउंड कार्डाच्या आवाक्यात येतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे साधे कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंतचे सारे टिपते, त्यामुळे वेगळ्या रेडिओची गरजच पडत नाही. सागवानी पट्ट्यांची एक मीटर बाजूची चौकट करून तिच्यावर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे ८० वेढे घेतले आणि दोन टोके छोट्या प्रवर्धकातून लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत दिली, की ग्राहक तयार होतो.

पहिला आठवडा मात्र माझी निराशा झाली. पडद्यावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रेघाच रेघा दिसत होत्या, आणि त्या सगळ्या घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या पटी होत्या. एका रात्री घरच्यांना सांगून मेन स्विच बंद केला, तेव्हा निम्म्या रेघा गेल्या. उरलेल्यांचा माग काढत गेलो तेव्हा जिन्यातला एलईडी दिवा आणि शेजारच्या इन्व्हर्टरचा चार्जर सापडला. शेवटी चौकट उचलून मळ्यातल्या खोपीत नेली, विजेच्या तारांपासून तीनशे मीटर दूर, आणि लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवला. त्या संध्याकाळी स्वच्छ काळ्या पडद्यावर दोन तेजस्वी रेघा उभ्या राहिल्या: एक १८.२ ची, सुमारे हजार किलोमीटरवरच्या विजयनारायणमची, आणि दुसरी १९.८ ची, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाच्या एक्समाउथ येथील केंद्राची. ते केंद्र सांगलीपासून सुमारे ६,१०० किलोमीटरवर आहे! जगात ज्या गोष्टींसाठी माणसाने एवढे उंच मास्ट उभारले त्या आपल्या खोपीतल्या लाकडी चौकटीत येऊन पोचतात, हे पाहून मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

संदेश सांकेतिक असतात, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपण मोजायची ती फक्त संकेताची तीव्रता, कारण वाटेतले आयनांबर बदलले की ती बदलते. सूर्योदयाची वेळ पहा. ऑस्ट्रेलियात आधी उजाडते आणि दिवस-रात्रीची सीमा हिंदी महासागरावरून आपल्याकडे सरकत येते. त्या तासा-दोन तासांत १९.८ ची रेषा खाली पडते, सावरते, पुन्हा पडते आणि मग दिवसाच्या पातळीवर स्थिर होते. दररोज हाच खेळ, आणि ऋतूप्रमाणे त्याची वेळ पुढेमागे सरकत जाते.

सूर्यावर मोठा भडका उडाला तर त्याची क्ष-किरणे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि दिवसाच्या बाजूचे आयनांबर खालच्या थरापर्यंत अचानक आयनित होते. १० मे २०२४ रोजी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी असा एक प्रबळ भडका कळसाला पोचला होता. माझ्या आलेखावर सपाट चाललेल्या रेषेने काही मिनिटांत उडी घेतली आणि मग तासाभरात हळूहळू उतरत ती जागेवर आली. चढ उभा आणि उतार सौम्य, असा तो आकार एकदा पाहिला की विसरत नाही. ढग असोत, नसोत, सूर्याकडे न पाहता सूर्याची नोंद घेता येते, म्हणून शाळेसाठी हा प्रयोग मला सर्वांत चांगला वाटतो.

दुसरा प्रयोग कानाने करायचा आहे. वीज कोसळते तेव्हा तिच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा याच पट्ट्यात, विशेषतः ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास, बाहेर पडतो. वैशाखात वळवाचे ढग दाटले की हेडफोनमध्ये लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, आणि तो ढग तीनशे-चारशे किलोमीटर दूर असला तरी येतो. रात्री दूरच्या विजांचा आवाज बदलतो: प्रत्येक कडकडाटाला 'टिंव्' अशी खाली घसरणारी शेपटी फुटते, ज्याला अभ्यासक ट्वीक म्हणतात. जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या बोगद्यातून एका ठरावीक वारंवारितेखालचे सूर तसे पुढे जाऊ शकत नाहीत, आणि त्या मर्यादेजवळचे सूर रेंगाळत येतात, म्हणून ही शेपटी. मर्यादा म्हणजे प्रकाशवेग भागिले उंचीची दुप्पट. आलेखावर शेपटी १,७६५ हर्ट्झला टेकलेली दिसली तर उंची ८५ किलोमीटर निघते. बारावीच्या मुलाने लॅपटॉपवर आयनांबराची उंची काढावी, यापेक्षा चांगला तास कोणता असेल?

विजांचे हेच संकेत अनेक ठिकाणी टिपून, पोचण्याच्या वेळेतील फरकावरून वीज कोठे पडली ते काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे विजांचे जाळे वेळेच्या याच तत्त्वावर चालते, जरी त्याचे संवेदक व्हीएलएफच्या बराच वरचा पट्टाही ऐकतात. आपल्या भागातले शेतकरी वापरतात ते 'दामिनी' ॲप त्याच संस्थेचे आहे.

मुरूम आणि पाषाण

मी भूजलाचे सर्वेक्षण करतो. या लहरींचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे आणि तो वर आलेला नाही, म्हणून लिहितो.

बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे नसते. ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि कधी डाइकच्या (खडकात घुसलेल्या उभ्या अग्निजन्य पाषाणभिंतीच्या) कडेला असते. पाण्याने भरलेली उभी भेग सभोवतालच्या कोरड्या पाषाणापेक्षा चांगली वाहक असते. दूरच्या व्हीएलएफ केंद्राची लहर शेतावरून जाते तेव्हा त्या भेगेत प्रवाह निर्माण होतो, त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि मूळचे आडवे क्षेत्र किंचित कलते. हातातले उपकरण घेऊन दर दहा-वीस मीटरला थांबत हा कल मोजत जायचे. भेगेच्या अलीकडे कल एका बाजूला, पलीकडे दुसऱ्या बाजूला असतो, आणि जिथे तो शून्यातून बाजू बदलतो तिथे खाली काहीतरी वाहक आहे असे समजायचे. नौदलाचे केंद्र आपल्यासाठी फुकटचा दिवा ठरते, आपल्याला स्वतःचा प्रेषक न्यावा लागत नाही.

मात्र मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण यात शेतकऱ्याचे कष्टाचे पैसे गुंतलेले असतात. भेगेची दिशा साधारण केंद्राच्या दिशेने असेल तरच ती नीट दिसते. आडवी असेल तर सुटून जाते. काळी माती स्वतःच वाहक आहे. दहा ओहम-मीटरची ओली काळी माती असेल तर वरच्या सूत्राने खोली बारा मीटरच्याही आत येते, म्हणजे जाड काळी असलेल्या रानात हे उपकरण वरवरच पाहते. उघड्या माळावर, जिथे मुरूम आणि पाषाण आहे, तिथे पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत उपयोग होतो. तारेचे कुंपण, लोखंडी पाइपलाइन आणि विजेच्या तारा तर हुबेहूब भेगेसारखा कल दाखवतात. एकदा एका शिवारात अतिशय देखणा आलेख मिळाला आणि मी हरखून गेलो, पण मालकाच्या वडिलांनी शांतपणे सांगितले की तिथून जुनी लोखंडी पाइपलाइन गेली आहे. त्यानंतर मी सर्वेक्षणाआधी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसासोबत रान फिरतो.

म्हणून केवळ व्हीएलएफवर बोअरची जागा ठरवू नये. त्याने संशयाची रेषा शोधावी आणि मग विद्युत रोधकतेच्या चाचणीने ती पडताळावी. पाणाड्याच्या नारळापेक्षा हे नक्कीच भरवशाचे आहे, पण 'पाणी दाखवणारे यंत्र' म्हणून कोणी खात्री देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते यंत्र वाहकता दाखवते, पाणी नाही.

लातूरचा शिक्षक

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. उद्याच्या तासाला 'लहर समुद्रातून आडवी जात नाही, ती वरून उतरते' या वाक्यानेच सुरुवात करणार आहे.

एक प्रश्न उरला आहे आणि तो विचारल्यावाचून राहवत नाही. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्या भागातील प्रत्येक घराच्या आठवणीत आहे. व्हीएलएफ लहरींवरून भूकंप आधी कळतो असे मुलांनी कुठेतरी पाहिले आहे. यात तथ्य किती?

मळ्यातली चौकट

सर, या विषयावर मी जपून बोलेन. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या काही दिवस आधी, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी या संकेतात येणाऱ्या खळग्यांच्या वेळा सरकल्या होत्या, असे जपानी संशोधकांनी मांडले आणि तेव्हापासून या दिशेने बरेच काम झाले आहे. परंतु त्याच वेळा सौर वादळांनी आणि आयनांबराच्या नेहमीच्या चढउतारांनीही सरकतात. भूकंप होऊन गेल्यावर जुन्या नोंदींत खूण शोधणे आणि भूकंपाआधी ती ओळखून ठिकाण व दिवस सांगणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट अजून कोणाला भरवशाने जमलेली नाही. किल्लारीच्या परिसरातल्या मुलांना तर हे अधिक स्पष्टपणे सांगावे, कारण तिथे खोट्या आशेचे आणि अफवांचे मोल फार पडते. त्यांच्या जिवाचे रक्षण मजबूत घर करते.

चौकटीबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ती लाकडाचीच करावी. लोखंडी पट्ट्यांची केली तर तेच एक बंद कडे होते आणि संकेत खाऊन टाकते. आणि ती उभी ठेवून तिची एक कड आग्नेयेकडे करावी. लातूरहून विजयनारायणम दक्षिणेच्या थोडे पूर्वेला आणि एक्समाउथ आग्नेयेला येते, त्यामुळे एकाच मांडणीत दोन्ही रेघा दिसतील. महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवण्याआधी एकदा शनिवारी दुपारी, इमारतीतले दिवे आणि संगणक बंद असताना, नोंद घेऊन पहा. त्या वेळी जो पडदा दिसेल तो जपून ठेवा. सोमवारी तास चालू असताना घेतलेली नोंद त्याच्याशेजारी ठेवली, की कोणत्या रेघा आकाशातून आलेल्या आहेत आणि कोणत्या आपल्याच भिंतींतून, हे मुलांना आपोआप कळेल.